हंगाम कामाचा, हंगाम तापाचा : प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शेतकऱ्याचे वर्ष कामांनी बांधलेले असते. उन्हाळ्यात भाजावळ, मृगाच्या तोंडावर दाढीची पेरणी, पाऊस स्थिरावल्यावर चिखलणी आणि लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी व मळणी, थंडी पडली की गोठ्यासाठी पातेरा आणि चुलीसाठी लाकूडफाटा, माघ-फाल्गुनापासून काजू आणि त्यामागोमाग आंबा, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आणि मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या गावांत त्याच्या जोडीला पावसाळ्यातील मासेमारीची बंदी व नारळी पौर्णिमा यांच्या मर्यादा येतात. ही कामे ज्या नियमाने येतात, जवळजवळ त्याच नियमाने काही तापही या जिल्ह्यात येतात. काजूच्या दिवसांत माकडताप, लावणीच्या दिवसांत लेप्टो, गवत माजल्यावर स्क्रब टायफस, आणि ज्याला हंगाम नाही असा तो मांजराच्या वाटेने येणारा टॉक्सोप्लाझ्मोसिस. हे सारे रोग मुळात प्राण्यांचे किंवा प्राण्यांत वस्ती करून राहणाऱ्या जंतूंचे. मनुष्य त्यांच्या वाटेत येतो तो बहुधा आपल्या नित्याच्या कामानिमित्ताने. त्या वाटांचा परिचय करून देणे हा पुढील प्रकरणांचा उद्देश आहे.

प्राणिजन्य रोग ही काही आडरानातली, क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. मनुष्याला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी निम्म्याहून अधिक रोगांचे जंतू कोणत्या ना कोणत्या प्राण्यातही आढळतात, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. परंतु संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे तो या रोगांचा स्वभाव. देवी किंवा गोवर यांसारखा रोग माणसाकडून माणसाकडे जात असल्यामुळे त्याच्या बंदोबस्तासाठी रोग्याला वेगळे ठेवले आणि निरोग्याला लस टोचली म्हणजे बरेचसे कार्य साधते. प्राणिजन्य रोगांपैकी पुष्कळांत मात्र मनुष्य ही वाटेची अखेर असते. त्याच्यापासून रोग पुढे सरकत नाही, आणि म्हणून त्याला वेगळे ठेवून साथ थांबतही नाही. जेथे जनावर, जमीन, पाणी आणि कीटक यांची गाठ पडते, त्या जागी जाऊनच या रोगांचा विचार करावा लागतो.

हा धडा महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढील वर्षी साथरोगांविषयीचा १८९७ चा कायदा अंमलात आला. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, रोग्यांची व संशयितांची सक्तीने रवानगी अशा उपायांनी सरकारने रयतेला हैराण केले. त्याची परिणती पुण्यात कशात झाली हे मराठी वाचकास सांगावयास नको. प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तल्या. आणि हे सर्व चालू असताना प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवेमार्फत पसरतो ही गोष्ट कोणालाही सिद्ध करता आलेली नव्हती. १८९८ च्या जूनमध्ये, त्या वेळी मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीत, पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने ती दाखवून दिली, आणि तरीही ती सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. परंतु खेड्यातील लोकांना पिसू ठाऊक नसली तरी उंदीर ठाऊक होता. गावात उंदीर पडू लागले की घरे सोडून माळावर झोपड्या घालाव्यात, हा शहाणपणा त्यांनी कोणत्याही आयोगाच्या अहवालाविना संपादन केला होता. जनावराच्या मरणाने माणसाला आगाऊ वर्दी मिळते, आणि ती वर्दी ज्याने ऐकली तो पुष्कळदा वाचतो, हे या पुस्तकाचे पहिले सूत्र मी त्या झोपड्यांवरून घेतले आहे.

सिंधुदुर्गात अशी वर्दी माकडांनी दिली. तिचा पूर्वेतिहास मात्र कर्नाटकातला आहे. १९५७ साली, तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने अंथरुणास खिळली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून १९५२ साली पुण्यात स्थापन केलेल्या, आणि आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रातील संशोधक तेथे धावून गेले. मरणारी माकडे पाहून प्रथम त्यांच्या मनात आला तो पीतज्वर, जो भारतात तोपर्यंत कधीच आढळला नव्हता. हाती लागला तो मात्र एक नवाच विषाणू होता, आणि त्याचे नाते रशियाच्या अरण्यांत गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मस्तिष्कज्वराच्या विषाणूंशी जुळत होते. उत्तरेकडून दरवर्षी येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून हा पाहुणा आला असावा काय, या शंकेचे निरसन करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्षिशास्त्राचा त्यातून पुष्कळ लाभ झाला. पक्ष्यांवरील आरोप मात्र शाबीत झाला नाही. विषाणू येथलाच, सह्याद्रीच्या रानातला, निघाला.

पुढे अनेक वर्षे हा रोग कर्नाटकापुरताच आहे असे मानले जात असे, आणि त्यातही १९८२-८३ सालची बेळतंगडी तालुक्यातील साथ सिंधुदुर्गाच्या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तेथे काजूच्या लागवडीसाठी रान साफ केल्यानंतर त्या रानाशी संबंध आलेल्या माणसांत ताप पसरला होता. २०१२ नंतर बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशी नावे एकामागून एक दाखल होऊ लागली. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावी काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना हा ताप आला; २०१६ च्या आरंभी त्याने सरहद्द ओलांडल्याचे दोडामार्ग तालुक्यातील केर गावी उघड झाले; आणि २०१७ साली सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसर त्याच्या तडाख्यात सापडला. सरहद्द ही महसूल खात्याची. तिलारीच्या खोऱ्यातील रान, त्यातील माकडे आणि त्यांच्या अंगावरील गोचिडी यांना ती कधीच ठाऊक नव्हती.

रोगाची घडण समजून घेण्यासाठी काजूच्या बागेत क्षणभर थांबले पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली पातेऱ्याचा जाड थर पडलेला असतो आणि पिकलेले बोंडू बीसकट त्यावर गळत असतात. वेचणाऱ्या बाया सकाळच्या थंडाव्यात येतात, वाकून, बसून, हाताने पातेरा बाजूला सारून बोंडू उचलतात आणि बी पिळवटून वेगळी करतात. दुपारी तेथेच सावलीला टेकून भाकरी खातात. याच पातेऱ्यात, डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, गोचिडीची मधल्या अवस्थेतील पिल्ले वावरत असतात. ती मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात, चावल्याचे जाणवत नाही, आणि गुरांच्या कानात दिसणारी टपोरी गोचीड ओळखणारा शेतकरीही त्यांच्याकडे काहीतरी कस्पट समजून दुर्लक्ष करतो. गोचिडीची अगदी पहिली अवस्था उंदीर, खारी, पक्षी यांच्यावर पोसते. मधली अवस्था माकडांवर आणि वाटेत आलेल्या माणसावर. पूर्ण वाढलेली गोचीड रानात चरायला सोडलेल्या गुरांवर. गुराला या विषाणूचा उपद्रव होत नाही, परंतु त्याच्या रक्तावर गोचिडींची पुढची पिढी वाढते. म्हणजे माकड मरते, माणूस आजारी पडतो आणि गाय निरोगी राहते, आणि या तिघांना जोडणारा धागा पातेऱ्यात कोणाच्या नजरेस न पडता फिरत असतो.

काळ्या तोंडाचा वानर आणि लाल तोंडाचे माकड ही दोन्ही या विषाणूला बळी पडतात, आणि कलेवर थंड होऊ लागले की त्यावरील गोचिडी ते सोडून आसपासच्या जमिनीवर पसरतात. मेलेल्या वानराला हार-नारळ वाहून मूठमाती देण्याची रीत आपल्या गावांत आहे. तिच्यामागील भाव आदरणीय आहे, आणि तो सोडावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु «वांदर मरान पडलो हा» ही खबर आली की त्या जागी गर्दी करून जाणे, कलेवरास हात लावणे किंवा ते ओढून नेणे हे स्वतःला गोचिडींच्या स्वाधीन करण्यासारखे आहे. खबर प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रास व वनखात्यास द्यावी. ते त्या जागेभोवती कीटकनाशकाची तजवीज करतील, नमुने घेतील, आणि मग जो मान द्यावयाचा तो सुरक्षितपणे देता येईल.

गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येतो, तो एकाएकी आणि जोराचा. डोके ठणकते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात, काहींना नाकातून अथवा हिरड्यांतून रक्त येते. आठवड्या-दीड आठवड्याने बरे वाटू लागलेल्यांपैकी काहींना ताप उलटतो आणि मग मान ताठरणे, झटके, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात असा सर्वसाधारण अनुभव आहे. विषाणूवर नेमके औषध नाही. शरीरातील पाणी, रक्तातील बिंबिका व रक्तस्राव यांवर लक्ष ठेवून केलेली वेळेवरची शुश्रूषा हाच उपचार. कर्नाटकात दीर्घकाळ टोचली जाणारी लस तिच्या परिणामकारकतेविषयीच्या शंकांमुळे २०२२ साली बंद झाली, आणि नव्या लशीचे काम चालू आहे. तोपर्यंत माणसाच्या हाती राहतात ते साधे उपाय: अंगभर कपडे, गोचीड दूर ठेवणारे तेल, रानातून परतल्यावर गरम पाण्याने स्नान, कपडे गरम पाण्यात, आणि बसताना पातेऱ्याऐवजी उघडी जमीन.

पाऊस सुरू झाला की गोचिडीच्या त्या अवस्थेचे दिवस संपतात आणि लेप्टोचे सुरू होतात. १८८६ साली हायडेलबर्गच्या आडोल्फ वाइल यांनी या रोगाचे वर्णन केले, आणि १९१५ साली जपानी संशोधकांनी त्याचा मळसूत्री आकाराचा जंतू शोधून काढला. मुंबईकरांना हा रोग परिचित झाला तो २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. सिंधुदुर्गात त्यासाठी प्रलयाची गरज नसते. उंदीर, गुरे, कुत्री, डुकरे यांच्या मूत्रातून जंतू चिखलात उतरतो, ओलाव्यात आठवडेच्या आठवडे जगतो, आणि लावणी करणाऱ्याच्या पायाला बांधाच्या दगडाने झालेली जखम किंवा दिवसभर पाण्यात राहून लिबलिबीत झालेली कातडी त्याला आत येण्यास पुरेशी होते. ताप, अंगदुखी आणि लाल डोळे ही आरंभीची लक्षणे माकडतापासारखीच. विशेष म्हणजे पोटऱ्या असह्य दुखतात. फरक आहे तो असा की लेप्टोवर औषध आहे. डॉक्सिसायक्लीन, पेनिसिलीन ही स्वस्त व सहज मिळणारी प्रतिजैविके वेळेवर दिली तर रोगी बहुधा बरा होतो, आणि दिवस काढले तर कावीळ, मूत्रपिंडाचा बिघाड व फुप्फुसातील रक्तस्राव यांनी तोच रोगी हातचा जातो. जोखमीचे काम करणाऱ्यांना आरोग्य खाते आठवड्यास एकदा जी गोळी देते, ती खिशात ठेवून घरी नेण्याची वस्तू नव्हे.

पावसाचा जोर ओसरल्यावर माजलेल्या गवतात स्क्रब टायफसची पाळी येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिकांना या रोगाने गोळीइतकेच छळले, आणि २०१८ साली नागपूर व आसपासच्या भागात त्याची साथ आली. चिगर नावाच्या सूक्ष्म कीटकाचा दंश दुखत नाही. मात्र काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली राहते. ती पाहण्यासाठी रोग्याचे कपडे उतरवून तपासावे लागते, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमके तेवढेच राहून जाते.

आता त्या रोगाकडे वळतो, ज्याच्याविषयी शहरांतील सुशिक्षित घरांत सर्वांत अधिक भीती आणि सर्वांत कमी माहिती आढळते. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी १९०८ साली ट्युनिस येथे निकोल व मांसो यांना गुंडी नावाच्या एका कृंतक प्राण्यात, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात सापडला. परंतु त्याचे लैंगिक जीवन केवळ मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यात पार पडते हे उलगडण्यास १९७० चे साल उजाडावे लागले. उंदीर किंवा कच्चे मांस खाऊन मांजराला प्रथमच लागण झाली की ते एक ते तीन आठवडे विष्ठेतून असंख्य बीजकोश टाकते, आणि पुढे बहुधा आयुष्यभर टाकत नाही. ताजे बीजकोश बाधक नसतात. त्यांना पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. ओलसर मातीत मात्र ते वर्षभराहूनही अधिक टिकतात. माणसाला लागण होते ती अशा मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून. मांजराला कुरवाळल्याने होणे हे विरळाच. कोइमतूर येथे २००४-०५ साली दोनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांना या परजीवीने इजा झाली तेव्हा संशय गेला तो शहराच्या पाणीपुरवठ्याकडे.

जगातील सुमारे एक तृतीयांश माणसांना कधी ना कधी ही लागण होऊन गेलेली असते, आणि त्यांतील बहुतेकांना पत्ताही लागत नाही. धोका आहे तो दोघांना: ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली आहे त्यांना, आणि गरोदरपणात ज्यांना प्रथमच लागण होते त्यांच्या गर्भाला. येथे ‘प्रथमच’ या शब्दावर सारा भार आहे. टॉर्च नावाच्या रक्तचाचणीत जुन्या लागणीची खूण सापडली म्हणजे वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण सापडले, असे पुष्कळ घरांत समजले जाते. सुनेकडे बोट दाखवले जाते आणि घरचे मांजर पोत्यात घालून बाजारात सोडले जाते. वस्तुतः जुनी लागण ही सामान्यतः पुढील गर्भाचे रक्षणच करते. मालवणच्या मासळीबाजारात जाळ्यांच्या ढिगाशेजारी बसलेल्या मांजरांना हुसकावून या रोगाचे काहीही बिघडणार नाही. गरोदर बाईने मांजराची घाण स्वतः काढू नये आणि इतरांनी ती रोजच्या रोज काढावी, मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत, मटण पूर्ण शिजवावे, भाजी स्वच्छ धुवावी. एवढे केले की पुरे. रस्सा तासभर रटरटवण्याची कोकणी सवय या बाबतीत कोणत्याही औषधापेक्षा उपयोगी आहे.

कुत्र्याच्या दंशाने होणाऱ्या रेबीजचे प्रकरण मी मुद्दाम सर्वांत लहान ठेवले आहे, कारण त्याविषयी सांगण्याजोगे थोडे आहे आणि ते निरपवाद आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांपूर्वी योग्य उपचार मिळाला तर जवळजवळ नेहमी वाचतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर चुना, हळद किंवा मिरची भरू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती अजूनही खेड्यापाड्यांत बोलली जाते. ती लस भारतात दोन दशकांपूर्वीच बंद झाली, आणि आता दंडात मोजक्याच मात्रा टोचल्या जातात.

या सर्व प्रकरणांतून एकच गोष्ट वेगवेगळ्या वेशात पुन्हा पुन्हा समोर येते. माकड वनखात्याच्या दप्तरात, गाय पशुसंवर्धनाच्या, ताप आरोग्याच्या, आणि काजूची लागवड कृषी खात्याच्या. रोग मात्र या चारही दप्तरांतून एकाच फेरीत जातो, आणि ज्याच्या हाती एकच कागद आहे त्याला तो अर्धाच दिसतो. ज्या वर्षी माकडे मरतात त्या वर्षी माकडे मारण्याची, आणि ज्या घरात गर्भपात होतो तेथील मांजर हाकलण्याची बुद्धी माणसाला होते ती याच अर्धवट ज्ञानातून. क्यासनूरच्या अरण्यात काय किंवा केरच्या रानात काय, माकड हे त्या रोगाचा पहिला बळी होते. त्याला दोषी ठरवणे म्हणजे वर्दी देणाऱ्याला तुरुंगात टाकणे आहे.

पुढील प्रकरणे रोगांच्या शास्त्रीय वर्गीकरणानुसार न लावता कामांच्या हंगामानुसार लावली आहेत, ते याच कारणास्तव. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा क्रम विचित्र वाटेल; शेतकऱ्याला वाटणार नाही. माकडताप, लेप्टो व स्क्रब टायफस यांचे पहिले दोन-तीन दिवस इतके सारखे असतात की केवळ लक्षणांवरून त्यांतला भेद ओळखणे अनुभवी वैद्यासही जड जाते. पण रोगी मार्चमध्ये काजूच्या बागेत होता, जुलैत चिखलात होता, की ऑक्टोबरमध्ये गवत कापत होता, एवढे कळले तर कोणती तपासणी आधी करावी आणि कोणते औषध तपासणीचा निकाल येण्यापूर्वीच सुरू करावे हे ठरवणे सोपे होते. म्हणून वाचकास विनंती एवढीच की ताप आल्यावर दवाखान्यात जाल तेव्हा गेल्या तीन आठवड्यांत कोणते काम केले, कोठे केले आणि आसपास कोणते जनावर मेले किंवा आजारी पडले, हे कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. आणि डॉक्टरांनी ते केसपेपरवर तापाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावे.